पाटी हिरवी होती

मुतोंदो वस्ती, कान्सेंगा
१२ जुलै २०१६

कबासो,

तू, तुझी बायको आणि दोन्ही मुली राजधानीत सुखरूप असाल असं धरून चालते. इकडे थंडी यंदा लवकर उतरली. सकाळी दलदलीवर धुकं इतकं दाट असतं की वर्गात शिरेपर्यंत पोरांच्या भुवया ओल्या झालेल्या असतात. चर्चच्या छपराचे पत्रे पुन्हा बदलावे लागले, चार वर्षांत दुसऱ्यांदा. धुराने पत्र्यांची चाळण होते आणि पाद्री म्हणतात, देव परीक्षा बघतो आहे. शेजारच्या मुसोंडाच्या आईचा दारातला आंबा वाळला. तिने तुझ्यासाठी निरोप दिलाय, "बाई, तुमचा भाऊ हवा मोजतो ना? मग त्याला विचारा, माझं झाड कुठल्या आकड्याने मेलं."

विचारते आहे.

झाली खुशाली. आता तुझ्या पाकिटाबद्दल.

परवा तुझ्या कंपनीची पांढरी गाडी दारात आली. ड्रायव्हरने मक्याच्या पिठाची दोन पोती उतरवली, एक फुलांचं चक्र दिलं, त्याच्या फितीवर कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत, आणि एक पाकीट. आपल्या लुसेला पुरून तोवर पंधरा दिवस झाले होते. मामा आला नाही, मामाची फीत आली! आपल्यात मामा आल्याशिवाय भाचीचं लग्न ठरत नाही आणि मामा आल्याशिवाय तिला माती देत नाहीत. खड्ड्यापाशी उभी राहून सगळी वस्ती रस्त्याकडे बघत होती. दोन तास मी लोकांना थांबवून ठेवलं. शेवटी मुसोंडाची आईच म्हणाली, "चला बाई. मोठ्या माणसांना इकडची हवा मानवत नाही."

पाकिटात एक छापील कागद आणि तुझी चिठ्ठी. "ताई, ही नुसती औपचारिकता आहे. लुसेला लहानपणापासून दमा होता एवढंच त्यात लिहिलंय, पालक म्हणून तुझी सही हवी. चौकशी लवकर मिटेल. तुझ्या बदलीचंही मी बोललो आहे, इकडे चांगल्या शाळेत."

एवढंच लिहिलंय म्हणे!

होता तिला दमा. का होता रे? आपली बहीण जस्टिना गेली आणि तिची ही चार वर्षांची पोर सरोवराकाठच्या गावाहून माझ्याकडे आली, तेव्हा ती अख्खं गाणं एका दमात म्हणायची. बसमधून उतरताना सुद्धा गात उतरली होती. पहिल्या जूनमध्ये खोकायला लागली. तिसऱ्या जूनमध्ये तोंडात मारायचा पंप आला. दर ऑक्टोबरला, ऊन तापून हवा मोकळी झाली की पोर बरी व्हायची, आणि मे उजाडला की पुन्हा खोकला. कॅलेंडर बघून येणारा आजार लहानपणापासूनचा कसा असतो, ते तुझ्या साहेबांना विचार.

तुला विचारून उपयोग नाही, कारण तुला उत्तर माहीत आहे. मीच ते तुला शिकवलंय.

तू दहा वर्षांचा होतास आणि मी नुकती नोकरीला लागले होते. जूनमधल्या एका सकाळी मी तुला पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर नेलं, साहेबांच्या बंगल्यांच्याही पलीकडे, पूर्वेला. खाली कंपनीच्या भट्टीच्या चिमणीचा धूर वर चढतच नव्हता. थोडा उठून आडवा पसरला होता, दुधावर साय धरावी तसा. मी सांगितलं, थंड हवा जड, ती खळग्यात जाऊन बसते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं. थंडीचे चार महिने, मे ते ऑगस्ट, वारा पूर्वेचा, म्हणून धूर पश्चिमेला, आपल्या मुतोंदोवर. सूर्य वर आला, जमीन तापली, की झाकण फुटतं आणि कोंडलेलं सगळं एकदम खाली कोसळतं. तू विचारलंस, "ताई, मग इथे वास का नाही येत?" मी म्हणाले, "कारण आपण धुराच्या पाठीमागे उभे आहोत आणि झाकणाच्या वर."

हुशार होतास. एकदा सांगितलेलं विसरत नव्हतास.

मोठा होऊन, कंपनीच्या खर्चाने परदेशात शिकून, तू हवा मोजायची पेटी नेमकी त्या टेकडीवर बसवलीस. अख्ख्या कान्सेंग्यात जिथे धूर कधीच पोचत नाही, ती जागा तू शोधली नाहीस, तुला ती ठाऊकच होती. आणि पेटीचा निकाल सांगणारी ती दिव्यांची पाटी आमच्या शाळेच्या फाटकावर. हिरवी, पिवळी, लाल. तीन वर्षांत मी तिला हिरवीखेरीज पाहिलेलं नाही. फळ्यावर लिहिताना माझ्या डोळ्यांतून पाणी वाहतं, पोरं नाकावर स्वेटर ओढून बसतात, आणि फाटकावर हिरवा दिवा.

२४ जूनलाही हिरवाच होता. शाळेचे खेळ होते. कप तुमचे, मांडव तुमचा, मांडवातल्या खुर्च्यांवर तुमची माणसं. आठ वाजता मुलींची आठशे मीटर. शर्यत सुरू झाली. दुसऱ्या फेरीत सेंटा उतरला. गंधकाच्या त्या वायूला आपण हे नाव का दिलं माहीत नाही, पण नाव घेतलं तरी घसा जळतो. सगळ्या पोरी खोकत बसल्या. लुसे पहिली होती, तिला मागे काय झालं ते कळलं नसावं. ती वळणापर्यंत धावली. मांडवातले पाहुणे रुमाल लावून गाड्यांकडे पळाले. मुख्याध्यापक मुकुका सरांच्या पिकअपमध्ये मी तिला मांडीवर घेऊन बसले होते. दवाखान्याच्या अलीकडेच ती गेली.

पीठ मुसोंडाच्या आईला दिलं. तिच्या घरात खाणारी सात तोंडं आहेत. चक्राची फीत काढून ठेवली आहे, येशील तेव्हा तुझ्या हातात देईन. कागदावर सही केलेली नाही, करणारही नाही.

एडिना कपेम्ब्वा
भूगोल शिक्षिका


मुतोंदो वस्ती, कान्सेंगा
३० ऑगस्ट २०१६

कबासो,

तुझं उत्तर मिळालं. दीड महिना लागला आणि ओळ लिहिलीस एक. "ताई, त्या सकाळी तूही तिथेच होतीस."

माझी तब्येत बरी आहे, विचारलं नाहीस तरी सांगते. थंडी ओसरते आहे. ती तुझी ओळ वाचल्यापासून मी जेवढी रागावले आहे तेवढी आयुष्यात कधी रागावले नव्हते. पहिले चार दिवस तुझ्यावर. मग पाचव्या दिवशी वर्गात शिकवता शिकवता स्वतःवर, आणि मी खडू ठेवून पोरांच्याच बाकावर बसले. पोरं म्हणाली, "टीचर, पाणी आणू?"

होते मी तिथे. तुला नेमकं कुठे होते ते माहीत नाही, म्हणून सांगते. मागच्या पत्रात मी लिहिलं, शर्यत सुरू झाली. शर्यती आपोआप सुरू होत नाहीत. कुणीतरी शिट्टी वाजवतं.

सहा वाजता मी मैदानावर चुन्याच्या रेघा मारायला गेले होते. धूर मला दिसला. आपण टेकडीवरून पाहिला त्या दिवसासारखाच आडवा, वस्तीच्या डोक्यावर, घट्ट. वारा पूर्वेचा. आभाळ निरभ्र, म्हणजे ऊन कडक पडणार. आठच्या आसपास झाकण फुटणार हे मला कळत होतं, जसं दूध कधी उतू जाणार ते कळतं. मी मुकुका सरांकडे गेले.

"सर, मुलींची शर्यत अकराला घेऊ या."

"पाहुणे दहाला निघणार आहेत, मॅडम. अकराला कप कोण देणार, तुम्ही?"

"हवा चांगली नाही, सर. बघा ना वर."

त्यांनी वर बघितलंच नाही. फाटकाकडे बोट केलं. "पाटी हिरवी आहे. तुमच्याच भावाची पाटी. ती हिरवी असताना तुमचा चेहरा लाल का?" मांडवात दोघेतिघे हसले. मीही हसले, कबासो. भावाचं नाव निघालं तशी जरा ताठ उभी राहिले. खोटं कशाला सांगू, तुझं नाव चारचौघांत निघालं की तोवर माझी मान वर व्हायची.

लुसे रेघेवर येऊन उभी राहिली. अनवाणी, शाळेचा निळा स्वेटर काढून माझ्याच हातात दिलेला. म्हणाली, "आज मी वळणावर कुणालाच पुढे जाऊ देणार नाही, बघ तू." मी पंप विचारला. तिने तो स्वेटरच्या खिशात आहे म्हणून सांगितलं. म्हणजे पंपही माझ्याच हातात होता.

मी पुन्हा वर पाहिलं. मग पाटीकडे पाहिलं. पाटी हिरवी होती. मी शिट्टी वाजवली.

बस. एवढंच मी दोन महिने कुणाला सांगितलं नव्हतं. वस्तीला वाटतं शिट्टी मुकुका सरांनी वाजवली, त्यांना शिव्या पडतात आणि मी गप्प राहते. मुसोंडाची आई रोज माझ्यासाठी भाजी आणून ठेवते, पाठीवरून हात फिरवते आणि मी तो फिरवू देते. बावीस वर्षं पोरांना सांगत आले, डोळे उघडून बघा, वारा कुठून येतो ते बघा. आणि ऐन वेळी मी डोळ्यांपेक्षा दिव्यावर विश्वास ठेवला, कारण दिव्यामागे तू होतास.

आता नीट ऐक. तुझी ती ओळ वाचून तुला वाटलं असेल, ताई गप्प बसेल. दोघांचीही लाज एका पेटीत बंद होईल. तसं होणार नाही. १५ सप्टेंबरला सभागृहात चौकशी आहे. सरकारकडून सिमुकोंडा नावाचे अधिकारी येणार आहेत. मी उभी राहणार आहे. तुझं नाव घेणार आहे आणि माझंही. पोटच्या पोरीसारखी वाढवलेली पोर मी मातीत घातली आहे. आता मला कशाची भीती दाखवणार तू? बदलीची?

तुझ्या आकड्यांवर मी जेवढी चिडले आहे, त्यापेक्षा तुझ्या न येण्यावर जास्त चिडले आहे. आला असतास, तर मी त्या खड्ड्यापाशीच तुला सगळं सांगितलं असतं. तुझ्या थोबाडीत मारली असती आणि मग तुझ्याच गळ्यात पडून रडले असते. ती वेळ गेली.

एडिना


मुतोंदो वस्ती, कान्सेंगा
१४ डिसेंबर २०१६

कबासो,

तू बायकोच्या माहेरी, गावाकडे राहायला गेलास असं कळलं. पत्ता बसच्या कंडक्टरकडून मिळवला. मुलींच्या शाळेचं वर्ष बुडालं नसेल अशी आशा आहे. इथे पाऊस लागला आहे. चर्चचे नवे पत्रे वाजतात, मुसोंडाच्या आईने आंब्याच्या जागी रताळी लावली आहेत. वेल हिरवा आहे. मे महिन्यापर्यंत राहील तेवढा राहील.

चौकशीच्या आदल्या दिवशी त्याच कंडक्टरने तुझं जाड पाकीट आणून दिलं. आत चिठ्ठी नव्हती. नुसता कंपनीचा नकाशा, तीन वर्षांपूर्वीचा. त्यात आमच्या शाळेच्या मैदानावर तुझ्या अक्षरात वर्तुळ. शेजारी लिहिलंय, "पेटी इथे बसवावी. थंडीत धूर इथेच उतरतो." त्यावर लाल शाईची काट, आणि दुसऱ्याच कुणाच्या हाताने लिहिलेलं, "टाकीची टेकडी." खाली तुझी सही.

तो नकाशा बघून मला बरं वाटेल असं तुला वाटलं असेल. मी तो भिंतीवर फेकला. अरे, म्हणजे तुला माहीत होतं आणि तू ते लिहिलंही होतंस! एकदा खरं लिहिलंस, कुणीतरी खोडलं, आणि तू त्याच्याखाली सही केलीस. नुसता लबाड असतास तर मला सोपं गेलं असतं. तू घाबरट निघालास. माझ्यासारखाच.

पण उचलला मी तो, आणि घेऊन गेले.

सभागृह खच्चून भरलं होतं. कंपनीच्या वकिलाने मला उभं केलं.

"मॅडम, शर्यतीची शिट्टी कुणी वाजवली?"

"मी."

मुसोंडाची आई पहिल्या बाकावर होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"तेव्हा पाटी कोणत्या रंगाची होती?"

"हिरवी."

"म्हणजे हवा सुरक्षित होती."

"नाही. हवा वाईट होती. मला दिसत होती."

"तरी तुम्ही वाजवलीत?"

"तरी वाजवली. माझ्या गुन्ह्याची काय शिक्षा असेल ती लिहून घ्या. आता हा नकाशा बघा आणि तुमच्या गुन्ह्याचंही लिहा."

सिमुकोंडा साहेबांनी नकाशा हातात घेतला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. वकील म्हणाला, हा चोरीचा कागद आहे. ते म्हणाले, "असेल. पण शाई तुमची आहे ना?"

बाहेर आल्यावर मुसोंडाच्या आईने माझ्याशी बोलणं टाकलं ते महिनाभर. तिचा नवरा भट्टीवर आहे. तो मला फाटकापाशी गाठून म्हणाला, "भट्टी बंद पडली तर माझ्या सात जणांना तुमचा नकाशा शिजवून घालू का?" मी म्हणाले, "भट्टी बंद करा म्हणत नाही मी. खरं मोजा म्हणते, आणि धूर खाली बसतो त्या सकाळी दोन तास थांबवा म्हणते." तो म्हणाला, "तुम्हाला फक्त म्हणायचं असतं." शिक्षण खात्याने मला तीन महिने बिनपगारी घरी बसवलं, पुन्हा शाळेच्या खेळांत हात घालायचा नाही असं लेखी दिलं. ते मला मान्य आहे. तुला काढून टाकलं, ते तुलाही मान्य असावं.

१८ नोव्हेंबरला पेटी टेकडीवरून काढून आमच्या मैदानावर आणली. पुन्हा मांडव, पुन्हा खुर्च्या. तुझ्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी फीत कापली, पोरांना गाणं म्हणायला लावलं आणि दहा दिवसांनी तिथेच लोकांना बोलावून आकडे जाहीर केले. सगळे हिरवे. लोकांनी टाळ्या वाजवल्या! माझं डोकं असं फिरलं की मी टाळ्यांच्या मधेच उभी राहून ओरडले, "नोव्हेंबर आहे हा! वारा फिरलाय, पावसाने हवा धुतली आहे आणि भट्टी दुरुस्तीसाठी बंद आहे. मोजताय काय, पाऊस?"

साहेब गोड हसले. "टीचर, निसर्गही आपल्या बाजूने आहे."

आणि तेव्हा मला एक गोष्ट सुचली, जी भूगोल शिकवूनही इतकी वर्षं सुचली नव्हती. भट्टीची दुरुस्ती दर वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच का? कारण याच महिन्यांत वारा उलटून धूर पूर्वेला, बंगल्यांवर जातो. धूर जूनमध्ये आमच्यावर असतो तेव्हा भट्टी एक दिवस थांबत नाही. हे तुला माहीत होतं, नाही का? हेही?

परवा मुसोंडाची आई आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, "बाई, शिट्टीचं मी विसरणार नाही. पण माझा धाकटा पण त्याच शाळेत जातो. पुढे काय करायचं ते सांगा." मग आत आली. आता आम्ही अकरा बाया आहोत. सिमुकोंडा साहेबांच्या निकालात एक ओळ आहे, की वस्तीने नेमलेल्या एका जाणत्या माणसाला पेटी उघडून बघायचा, कंपनीचे आकडे तपासायचा हक्क राहील. कंपनीला वाटतं असा माणूस मुतोंदोत नाही. खरंच नाही. मला वारा कळतो, पेटी कळत नाही. आत कुठला खिळा फिरवला की आकडा उतरतो, ते मला समजणार नाही आणि ते मला फसवतील.

तुला ते फसवू शकणार नाहीत. फसवायचं कसं हे तूच त्यांना दाखवलं आहेस.

म्हणून ये. जूनमध्ये, तिला वर्ष होईल तेव्हा, पाहुण्यासारखा नको, एप्रिल संपायच्या आत, राहायला. बायको-मुलींना आणू नकोस, इथल्या हवेत मुली आणायला मी कुणालाच सांगणार नाही. लुसेची खोली रिकामी आहे, खिडकी पूर्वेला आहे आणि ती नीट लागत नाही. सकाळी सेंटा पहिल्यांदा तिथेच शिरतो. तुला तिथेच झोपावं लागेल. वस्ती तुला शिव्या घालेल, त्या तू ऐकशील. मी तुझ्याशी किती बोलेन सांगता येत नाही.

मी माफ केलं म्हणून बोलावते आहे असं समजू नकोस. मी स्वतःलाही केलेलं नाही. पण आधी तिच्या थडग्यावर जा, माती घाल, आणि मग ती पेटी उघड. लुसे ज्या बाकावर बसायची त्याच्यावर आता दुसरी मुलगी बसते, तिलाही मे महिन्यात खोकला लागतो. तिचा मामा कुठे असतो मला माहीत नाही. तुझा पत्ता मला माहीत आहे.

लुसे जिला आई म्हणायची ती,
एडिना